‘घरची चटणी’ आमच्या नावावर का झाली नाही

कोल्हापुरात चटणी म्हणजे लाल चटणी. शेंगदाण्याची, जवसाची, कारळ्याची, या सगळ्यांना आपापली नावं लावावी लागतात. हिला लागत नाही. उन्हाळ्यात वर्षभराची करून ठेवायची, कांदा-लसूण घातलेली, आमटीपासून मटणापर्यंत सगळ्यात पडणारी. पुण्याकडची माणसं तिला मसाला म्हणतात. म्हणू देत.

हे आधी सांगून टाकलं, कारण पुढचा सगळा घोळ नावाचाच आहे.

२०१६ च्या उन्हाळ्यात आत्यांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी (आमच्याकडे सासूला आत्याच म्हणतात), नेहमीपेक्षा दहा किलो चटणी जास्त केली. पुण्यात शिकायला गेलेल्या पोरांच्या आयांनी मागितली होती. तिखटाला संकेश्वरी, रंगाला ब्याडगी, दोन्ही लक्ष्मीपुरीतून निवडून आणलेल्या. कांदा आमच्याच गच्चीवर वाळवलेला, कांडप गल्लीच्या टोकाला. दहा किलो चार दिवसांत संपली. पुढच्या वर्षी साठ किलो केली. २०१८ मध्ये अन्नसुरक्षेची नोंदणी काढली, पाऊच छापायला टाकले. नाव काय टाकायचं म्हणून प्रिंटरनं विचारलं, तेव्हा मी एका दमात सांगितलं, “घरची चटणी.”

त्या नावाचा मला फार अभिमान होता. मेरी वेदर मैदानावर प्रदर्शनात स्टॉल लावला की आजूबाजूच्यांना आपला माल काय आहे ते घसा कोरडा करून सांगावं लागायचं. मला तोंड उघडावं लागायचं नाही. बाई लांबून पाटी वाचायची आणि सरळ पिशवी पुढं करायची. आपण किती हुशारीनं नाव ठेवलंय, असं मला प्रत्येक वेळी वाटायचं.

२०२१ च्या दिवाळीत एका नातेवाइकांकडे फराळाला गेले होते. त्यांच्या फडताळात एक पाऊच दिसला. हिरवा रंग, वर चुलीचं चित्र आणि ठसठशीत अक्षरांत ‘घरची चटणी’. आमचा नव्हे. कुठल्या तरी बचत गटानं केलेला, जिल्ह्यातलाच. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आमचं नाव चोरलं, एवढंच डोक्यात. घरी येऊन ह्यांना म्हटलं, आता नावाची नोंदणी करायची.

“आपल्याकडं सगळी नोंदणी आहे की,” हे म्हणाले. अन्नसुरक्षेची आहे, उद्यमची आहे. आमच्यासारख्या छोट्या धंदेवाल्यांतला हा सगळ्यात मोठा गैरसमज असेल. त्या दोन्ही कागदांचा नावाच्या मालकीशी काडीचा संबंध नाही. एक सांगतो की तुम्ही खाण्याचा पदार्थ करता, दुसरा सांगतो की तुमचा धंदा छोटा आहे. नाव तुमचं आहे असं कुणीच सांगत नाही. त्यासाठी ट्रेडमार्क लागतो आणि तो १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याखाली वेगळा घ्यावा लागतो.

मोबाइलवर ट्रेडमार्क काढून देणाऱ्या एका सल्लागाराची जाहिरात दिसली, फोन केला. पलीकडून एक मुलगी भराभर बोलली. आधार पाठवा, उद्यमचं प्रमाणपत्र पाठवा, नाव पाठवा. उद्यम असल्यामुळं सरकारी फी ९,००० ऐवजी ४,५०० पडेल, एका वर्गाला. वर्ग म्हणजे काय विचारलं, तर मालाचे आणि सेवांचे मिळून ४५ वर्ग केलेले आहेत, तुमचा मसाला तिसाव्यात. लोणचं पण करता का? ते एकोणतिसाव्यात, त्याचे वेगळे ४,५००. लोणचं राहू दे म्हटलं. फेब्रुवारी २०२२ मध्ये अर्ज गेला. सगळं मिळून दहा मिनिटांचं काम. हे नाव मिळेल का, असं मी एकदाही विचारलं नाही आणि मिळणार नाही असं तिनंही सांगितलं नाही. पैसे घेणाऱ्यानं कशाला सांगावं म्हणा.

अर्जाची स्थिती सरकारी संकेतस्थळावर बघता येते. पहिल्यांदा ‘फॉर्मॅलिटीज चेक पास’ असं आलं. पास झालो म्हणून मी पेढे आणायच्या बेतात होते. मग ‘मार्क्ड फॉर एक्झाम’. आणि मे महिन्यात एका सकाळी ‘ऑब्जेक्टेड’.

“कुणीतरी आपल्यावर हरकत घेतलीय,” हे म्हणाले. “त्या हिरव्या पाऊचवाल्यांनीच.” दोन दिवस आम्ही त्या बायकांच्या नावानं बोटं मोडली. नंतर कळलं की हरकत दोन जातींची असते. एक कार्यालयाचा परीक्षकच घेतो, अर्ज तपासताना. आमची ती होती. दुसरी बाहेरचा माणूस घेतो, ती फार पुढं, नाव ट्रेडमार्क कार्यालयाच्या जर्नलमध्ये छापून आल्यावर. मराठीत दोन्हींना हरकतच म्हणतात, म्हणून निम्मं गाव घाबरतं.

परीक्षण अहवाल इंग्रजीत होता. त्यात कलम ९, पोटकलम १, खंड ब. अर्थ असा की हे चिन्ह निव्वळ अशा शब्दांचं बनलेलं आहे जे व्यापारात मालाचा प्रकार, दर्जा, उपयोग, उगमाचं ठिकाण वगैरे दाखवायला वापरले जातात. उत्तर द्यायला एक महिना. फोनवरच्या त्या मुलीनं सांगितलं, “मॅडम, रिप्लायचे वेगळे चार्जेस होतील.” तेव्हा मी राजारामपुरीतल्या एका वकीलबाईंकडे गेले.

त्यांनी पाऊच हातात घेतला. नाव वाचायच्या आधी त्यांचं बोट नावाच्या वरच्या कोपऱ्यावर गेलं. “हे काय आहे?”

वर्तुळातला आर. मी म्हटलं, ते प्रिंटरनं टाकलंय, चांगलं दिसतं म्हणून.

“नोंदणी झालेली नसताना हे छापायला कायद्यानं बंदी आहे. कलम १०७. अर्ज केलेला असो नाहीतर नसो, टीएम ही अक्षरं कुणीही लावू शकतं. हे नाही.” माझ्याकडे घरी साडेतीन हजार पाऊच पडून होते. सगळ्यांवर तो आर.

मग त्यांनी चहा मागवला आणि मला एक प्रश्न विचारला. “समजा या पाऊचवरचं बाकी सगळं झाकलं, फक्त नाव दिसतंय. आत काय आहे ते गिऱ्हाइकाला कळेल?”

“कळेल की. म्हणून तर ठेवलंय.”

“म्हणूनच मिळत नाही.”

मला राग आला होता, त्यामुळं पुढची दहा मिनिटं मी भांडलेच. नाव चांगलं असणं हा गुन्हा आहे का? त्या शांतपणे बोलत राहिल्या. गोकुळचं दूध तुम्ही रोज घेता. गोकुळ म्हटल्यावर कृष्ण आठवतो, गाई आठवतात, मग दूध आठवतं. मधे मनाला एक उडी मारावी लागते. संघानं ‘ताजं म्हशीचं दूध’ असं नाव ठेवलं असतं, तर ते जिल्ह्यातल्या प्रत्येक गवळ्याचं नाव झालं असतं. वारणेचं काय, मी म्हटलं, ते तर सरळ नदीचं नाव. बरोबर, त्या म्हणाल्या, पण श्रीखंडाच्या डब्यावर ते इतकी वर्षं लोकांनी वाचलंय की डबा बघून कुणाला नदी आठवत नाही. तशी ओळख वापरानं कमवावी लागते. कायद्यात तेवढी एक वाट ठेवलीय. नाव वर्णनाचं असलं तरी अर्जाच्या तारखेपूर्वी लोकांच्या मनात ते तुमचंच म्हणून बसलेलं असेल आणि तसं सिद्ध करता आलं, तर नाकारता येत नाही.

“मग करू की सिद्ध. २०१६ पासून विकतोय.”

त्यांनी अर्जाची प्रत माझ्यापुढं सरकवली. वापर कधीपासून या रकान्यात लिहिलं होतं, ‘प्रपोज्ड टू बी यूज्ड’. म्हणजे पुढं वापरणार आहोत. आधीपासून वापरतोय असं लिहिलं की शपथपत्र आणि पुरावे जोडावे लागतात. सल्लागारानं ती कटकट टाळली होती. मला कुणी विचारलंच नव्हतं. म्हणजे सरकारच्या कागदावर आमच्या चटणीचा एक चमचाही अजून विकला गेलेला नव्हता, आणि आता आम्ही सांगणार की ती घराघरांत ओळखली जाते.

आणि पुरावे तरी काय होते? वकीलबाईंनी यादी दिली होती. वर्षावर्षाची विक्री, बिलं, जाहिरातीचा खर्च, वर्तमानपत्रातली कात्रणं. मी घरी येऊन सगळं बाहेर काढलं. आत्यांच्या हातच्या तीन वह्या निघाल्या. ‘कोपऱ्यावरच्या काकू २ कि., निम्मे बाकी.’ ‘डॉक्टरीणबाई अर्धा, तिखट कमी.’ प्रदर्शनाच्या स्टॉलभाड्याच्या दोन पावत्या, व्हॉट्सॲपवरच्या ऑर्डरी, कुरिअरच्या चिठ्ठ्यांचा एक गठ्ठा. एकाही वहीत ‘घरची चटणी’ हा शब्द नव्हता. असणार कसा? आमच्याच घरात लिहिलेली वही ती.

तरी उत्तर दिलं. माझ्या हट्टानं. वकीलबाईंनी आधीच बजावलं होतं की आशा कमी आहे. त्यांनी मला जुन्या निकालांची उदाहरणं दिली, ती माझ्या डोक्यात बसली आहेत. ‘रसोई’ हे नाव वनस्पती तेलासाठी मागितलं होतं, १९५५ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयानं ते वर्णनात्मक ठरवलं. शादी डॉट कॉमवाल्यांनी ‘सेकंड शादी’ नावाच्या संकेतस्थळाला अडवायला मुंबई उच्च न्यायालय गाठलं; २०१६ मध्ये त्यांना मनाई हुकूम मिळाला नाही, कारण लग्न जमवणाऱ्यानं शादी म्हणायचं नाही तर काय म्हणायचं. साखरेऐवजी घालायच्या ‘शुगर फ्री’चं मला सगळ्यात जास्त वाटलं. एवढं मोठं नाव, टीव्हीवर एवढी जाहिरात, आणि तरी आपल्या साखर नसलेल्या फ्रोझन डेझर्टवर ते शब्द लिहिण्यापासून अमूलला त्यांना पुरतं रोखता आलं नाही. फक्त अक्षरं एवढी ठळक नकोत, असं दिल्लीच्या न्यायालयानं सांगितलं. त्यांचं जर असं, तर आमच्या तीन वह्यांची काय कथा.

फेब्रुवारी २०२३ मध्ये सुनावणी लागली. कार्यालय मुंबईत, अँटॉप हिलला, पण सुनावणी व्हिडिओवरून. मी वकीलबाईंच्या शेजारी नवी साडी नेसून बसले होते, कॅमेऱ्यात मी दिसतही नव्हते. आमच्या आधी पाच-सहा जणांचे नंबर झाले. आमचं सगळं मिळून चार-पाच मिनिटांत आटोपलं. वकीलबाई वापराबद्दल बोलल्या. अधिकाऱ्यांनी अर्जातला तो रकाना वाचून दाखवला. मग म्हणाले, “अर्जदाराच्या शेजारणीनं तिच्या घरी चटणी केली, तर तिनं पाकिटावर काय लिहायचं?”

वकीलबाई काहीतरी बोलल्या. मला ऐकू आलं नाही, कारण मला तो हिरवा पाऊच दिसत होता.

नाकारल्याचा आदेश आला. मुंबई उच्च न्यायालयात अपील करता आलं असतं. पूर्वी त्यासाठी वेगळं अपील मंडळ होतं, ते २०२१ मध्ये बंद झालं. मी विषय वाढवला नाही. ४,५०० रुपये परत मिळत नाहीत.

घरी सांगितल्यावर आत्या म्हणाल्या, “घरात केली म्हणून घरची. आता काय दारची म्हणायचं व्हय?”

दरम्यान पहिल्या सल्लागाराचा पुन्हा फोन. “मॅडम, आपण लोगो करून टाकू. चुलीचं चित्र, गोल, रंगीत. लगेच पास होईल.” मला मोह झाला. वकीलबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, होईलही. पण मिळेल ते अख्ख्या चित्राला. त्यातले ‘घरची चटणी’ हे शब्द त्यामुळं तुमचे होत नाहीत, कलम १७ तसं सांगतं. शेजारणीनं वेगळं चित्र काढून तेच शब्द लिहिले तर तुम्ही काही करू शकणार नाही. बाजारात कितीतरी पाकिटांवर असा आर आहे, आणि मालक खुशीत आहे की शब्द माझा झाला. प्रमाणपत्र भिंतीवर लावण्यापुरतं हवं असेल तर लोगो उत्तम.

‘कोल्हापुरी’ लावू का काहीतरी, असंही विचारून झालं. ते तर ठिकाणाचं नाव. चपलेचा आणि गुळाचा ‘कोल्हापुरी’ हा शब्द भौगोलिक मानांकनाखाली राखलेला आहे आणि तो कायदाच वेगळा. तिथं मालक एक दुकानदार नसतो. चपलेचं मानांकन महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून आहे, आणि नोंद दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांच्या नावावर. एकट्या माणसानं कोल्हापूर खिशात घालायचं नाही, एवढं मला समजलं. ‘जगात भारी’ सुचवलं तर वकीलबाई नुसत्या हसल्या. स्वतःची स्तुती हेही वर्णनच.

मग नवं नाव. आठवडाभर घरात दुसरा विषय नव्हता. पोरानं ‘ठसका’ सुचवलं. मला आवडलं होतं. चटणी कुटताना ठसका लागतोच, पण ठसका म्हणजे चटणी नव्हे. संकेतस्थळावर कुणालाही फुकट शोध घेता येतो, शब्दानं आणि उच्चारानंही. ते आम्ही पहिल्या वेळी केलंच नव्हतं. ठसका, तडका, झटका, झणका या कुळातली एवढी नावं समोर आली की मान फिरली. मग ‘किटली’. पहिली दोन वर्षं मामा, म्हणजे सासरे, दुधाच्या रिकाम्या किटलीतून चटणी पोच करायचे. पण तिसाव्या वर्गात मसाल्याच्या मांडीला मांडी लावून चहा बसलेला आहे, कॉफी आहे, आइस्क्रीम आहे. किटली म्हटल्यावर तिथं चहावाल्यांची रांग. सोडून दिलं.

शेवटी नाव सापडलं ते गिऱ्हाइकाच्या तोंडात. आमचं घर जुनं. पुढं सोपा, मधे माजघर. चटणीचे डबे पहिल्यापासून सोप्यातल्या बाकावर असतात, गिऱ्हाईक तिथंच टेकतं, पाणी पितं, वजन होतं. त्यातही दोन प्रकार आहेत. आत माजघरात असते ती आमच्या खाण्याची, जास्त तिखट. म्हणून जुन्या बायका दारातूनच सांगतात, “सोप्यातली द्या हो, आतली नको.” वह्या परत चाळल्या तर तिथंही होतं. ‘सोप्यातली १ कि.’ पाच वर्षं लिहीत होतो आणि दिसलं नव्हतं.

वकीलबाईंना सांगितलं. मसाल्याचा आणि सोप्याचा काय संबंध, त्यांनी विचारलं. काही नाही, मी म्हटलं. “मग छान,” त्या म्हणाल्या.

एप्रिल २०२३ मध्ये दुसरा अर्ज. पुन्हा ४,५००. या वेळी वापराची तारीख शपथपत्रावर, आणि वह्यांची पानं जोडून. नाव मराठी असलं की त्याचा उच्चार रोमन लिपीत आणि अर्थ इंग्रजीत किंवा हिंदीत द्यावा लागतो. वकीलबाईंकडचा मुलगा मुंबईत वाढलेला. त्यानं अर्थाच्या रकान्यात लिहिलं, ‘इझी वन’. सही करायच्या आधी माझी नजर गेली म्हणून बरं. सोपी चटणी! करायला सोपी, वापरायला सोपी. पुन्हा तेच कलम ९ आमच्या गळ्यात पडलं असतं. त्याला सोपा म्हणजे घराचा पुढचा भाग, हे समजावताना वकीलबाईंनी शेवटी कागदावर आमच्या घराचा नकाशा काढला.

या खेपेस अर्ज सरळ गेला. जानेवारी २०२४ मध्ये नाव जर्नलमध्ये आलं. जर्नल दर सोमवारी निघतं आणि छापल्यापासून चार महिने बाहेरच्या कुणालाही विरोध करता येतो. ते चार महिने मी काही चैनीत काढले नाहीत. कुणी आलं नाही. जूनमध्ये प्रमाणपत्र मिळालं, पीडीएफच, आपण छापून घ्यायचं. दहा वर्षांसाठी, पुढं नूतनीकरण.

ते साडेतीन हजार पाऊच संपायला मात्र वेळ लागला. वर मोठा स्टिकर ‘सोप्यातली’, आणि आरवर एक छोटा गोल स्टिकर, लाल. खाली ‘घरची कांदा-लसूण चटणी’ तसंच ठेवलं, बारीक अक्षरांत. ते लिहायचा हक्क मला आहे, तसा त्या हिरव्या पाऊचवाल्या बायकांनाही. त्यांची चटणी मी नंतर विकत आणून खाल्ली. खोबरं जरा जास्त आहे.

नव्या नावाला अजून सांगावं लागतं. प्रदर्शनात बायका पाटी वाचतात आणि थांबतात, म्हणजे काय हो? मग मी सोपा सांगते, बाक सांगते, आतली आणि बाहेरची सांगते. घसा कोरडा होतो. परवा पुण्याहून एका बाईंचा फोन आला, आत्यांनी उचलला. ती सोपी चटणी मिळते ती तुमच्याकडंच का, असं त्या विचारत होत्या.

“सोपी न्हवं बाई, सोप्यातली,” आत्या म्हणाल्या. “एकदा उन्हात बसून कांदा वाळवून बघा, मग सांगा किती सोपी हाय ती. किती किलो लिहू?”